बेडकाच्या दाताची स्लाईड कशी वाचायची : आधी ती फट शोधा

दरवर्षी प्रॅक्टिकल जवळ आलं की माझ्या फोनवर एकच मेसेज येतो, "मॅडम, बेडकाच्या दाताचा डायग्राम आहे का?" डायग्राम आहे हो, पण डायग्राम पाठ करून मायक्रोस्कोपसमोर बसलेली पोरं मी इथे नाशिकात इतकी वर्षं बघतेय, स्लाईड थोडी तिरकी कापलेली निघाली की सगळं पाठांतर गोदेला मिळतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. स्लाईड समोर आहे आणि कुठून सुरुवात करायची कळत नाहीये, अशांसाठी.

आधी माझी फजिती सांगते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मला हीच स्लाईड आली होती. दात ओळखला, डेंटिन म्हणजे दाताची कडक भिंत ओळखली, पल्प म्हणजे आतला मऊ गर ओळखला आणि दाताच्या मध्यावर जी आडवी फिकट रेघ दिसत होती तिच्याकडे बोट दाखवून परीक्षकांना म्हटलं, "सर, स्लाईडला क्रॅक गेलाय." सर हसले, काही बोलले नाहीत, मार्क मात्र बोलले. ती रेघ म्हणजेच बेडकाच्या दाताची सगळ्यात मोठी ओळख होती आणि मी तिला मोडतोड समजून सोडून दिलं होतं. तेव्हापासून मी शिकवताना उलटं करते, आधी ती फट शोधायची, मग बाकीचं.

स्लाईडच्या आधी कवटी बघा

थेट मायक्रोस्कोपला बसू नका. तुमच्या डिपार्टमेंटच्या म्युझियममध्ये बेडकाचा सांगाडा असणारच, काचेच्या पेटीत, धूळ खात पडलेला. परवानगी काढून तो बाहेर घ्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा, वरून नाही, वरून मारला तर सगळं पांढरंफटक दिसतं.

वरचा जबडा पालथा करून बघा. पुढे नाकाखाली दोन छोटी हाडं, ती प्रीमॅक्झिला, त्यांच्या दोन्ही बाजूंना लांबलचक कमानीसारखं हाड, ती मॅक्झिला. या कडेने बारीक दातांची एक ओळ जाते, एकेक दात मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान. आता आत टाळूकडे या, आतल्या नाकपुड्यांच्या जवळ दोन छोटी हाडं आहेत, व्होमर, त्यांच्यावरही दातांचे दोन लहान पुंजके. आपल्याकडच्या मोठ्या बेडकात, म्हणजे पावसाळ्यात इगतपुरी-घोटीकडच्या भातखाचरांत पिवळाधमक होऊन डरांव डरांव करणारा तो हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, त्यात हे पुंजके तिरक्या ओळीत आणि चांगले ठळक असतात.

खालचा जबडा? रिकामा. इथे हमखास गडबड होते, कारण याच मोठ्या बेडकाच्या खालच्या जबड्याला पुढे दोन टोकं वर आलेली असतात आणि पोरं वहीत लिहितात "खालचे दोन दात". ते दात नाहीत, हाडाचेच उंचवटे आहेत, त्यांना ऑडोंटॉइड म्हणतात. आत पल्प नाही, वर इनॅमलचं कडक कवच नाही, डेंटिन नाही, नुसतं हाड. जगातल्या जवळपास सगळ्या बेडकांचं हेच. अपवाद एकच ठाऊक आहे, कोलंबिया-इक्वेडोरच्या अँडीज पर्वतातला गॅस्ट्रोथेका ग्युंथेरी, त्याला खालीही खरे दात आहेत. बेडकांच्या पूर्वजांचे खालचे दात २० कोटी वर्षांपेक्षा आधी गेले आणि या एका जातीत ते परत आले, असं २०११ मध्ये जॉन वीन्स यांनी मांडलं. एकदा गेलेला गुंतागुंतीचा अवयव परत येत नाही, या डोलोच्या नियमाला तो धक्काच होता. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, खालच्या जबड्याचा प्रश्न आला तर हे सांगा, समोरचा खूश होतो.

आता त्याच कवटीवर भिंग नीट स्थिर करून एकेक दात बघा. बरेचसे दात तुम्हाला टोक तुटलेल्या, पोकळ नळ्यांसारखे दिसतील. मला वाटायचं आमच्या सांगाड्याचे दात कुणीतरी साफ करताना मोडले. तसं नसतं. सांगाडा वाळला, मऊ भाग कुजला की दाताचं वरचं टोक आपोआप गळून पडतं आणि खालचा देठ तेवढा हाडाला चिकटलेला उरतो. सगळे दात साधारण एकाच उंचीवर मोडलेत हे बघा. असं एका रेषेत काही अपघाताने मोडत नाही, तिथे काहीतरी सांधा आहे. तोच सांधा म्हणजे माझी ती "क्रॅक".

बेडूक आणायचा नाही

मधेच सांगून टाकते, कारण दरवर्षी कुणीतरी उत्साही निघतंच. गंगापूर डॅमकडे जाऊन बेडूक धरून आणायचा आणि जबडा काढायचा, असलं काही करू नका. बेडकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि २०१४ ला यूजीसीने प्राणीशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं डिसेक्शन बंद करायला सांगितलंय. रस्त्यावर मेलेला सापडला तरी घरी आणायचा नाही. कॉलेजकडे जुन्या परमनंट स्लाईड्स असतात, दात शिकायला त्या पुरेशा आहेत.

फोर-एक्सवर फक्त दिशा ठरवायची

स्लाईड लावली, सगळ्यात कमी पॉवर. इथे पेशी-बिशी बघायच्या नाहीत. तीन गोष्टी शोधायच्या, हाड कुठे, बाहेरची बाजू कुठली, आतली कुठली. नेहमीच्या स्लाईडवर हेमॅटॉक्सिलिन-इओसिन रंग असतो, केंद्रकं जांभळी, बाकी बरंच काही गुलाबी. हाड म्हणजे गुलाबी जाड पट्टा, आत विखुरलेले पेशींचे ठिपके. त्या हाडाच्या ज्या अंगाला ओठ आणि त्वचा आहे, त्वचेत ग्रंथींच्या गोल पोकळ्या दिसतात, ती बाहेरची बाजू. ज्या अंगाला दात टेकलाय ती आतली.

टेकलाय हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपला दात हाडातल्या खड्ड्यात रोवलेला असतो. बेडकाचा तसा नाही, जबड्याच्या हाडाला बाहेरून एक कठडा आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला दात टेकून उभा, निफाडकडे उसाच्या मोळ्या कंपाऊंडच्या भिंतीला टेकवून ठेवतात ना, तस्सं. याला प्ल्यूरोडॉन्ट म्हणतात. आपल्या दाताभोवती लिगामेंटचा एक गादीसारखा थर असतो, इथे तोही नाही, देठाचा बुंधा थेट हाडाला जुळून जातो. काही जुन्या नोट्समध्ये तिथे "सिमेंट" लिहिलेलं असतं, मी मुलांना "जोडणारं हाडासारखं ऊतक" असं लिहायला सांगते, भांडण नको.

यामुळे उभ्या छेदात दाताच्या दोन भिंती सारख्या दिसत नाहीत. बाहेरची भिंत हाडाला लांबवर चिकटलेली, आतली भिंत आखूड आणि बरीचशी मोकळी. हे ध्यानात ठेवा, पुढे नवा दात कुठून येतो ते याच्यावरच ठरतं.

टेन-एक्सवर फट शोधायची

आता टेन-एक्स लावा आणि कंडेन्सरचा डायफ्राम, म्हणजे स्लाईडखालची उजेड कमीजास्त करायची झडप, थोडी बंद करा. हे कुणी सांगत नाही. उजेड जास्त असला की फिकट गोष्टी धुऊन निघतात आणि आपल्याला नेमकी फिकटच गोष्ट बघायचीय.

दात टोकापासून खाली बघत या. वरती अणकुचीदार भाग, नीट कापला गेला असेल तर टोकाला एक नाही दोन शेंडे, एक बाहेरच्या अंगाला छोटा, एक आतल्या अंगाला जरा मोठा, आत वळलेला. हा क्राउन. खाली येता येता दोन्ही भिंतींवर, एकाच उंचीला, बाजूच्या डेंटिनपेक्षा वेगळ्या छटेचा आडवा पट्टा दिसेल, बहुतेक स्लाईडवर फिकट. हीच आपली फट. त्याच्या खाली परत पक्की गुलाबी भिंत सुरू होते, ती पेडिसेल, म्हणजे देठ. पेनाच्या नळीवर टोपण बसवलंय आणि दोघांच्या मधे रबराची रिंग ठेवलीय, असं समजा. रिंग म्हणजे हा पट्टा. तिथे कोलॅजनचे तंतू आहेत, पण चुना बसलेला नाही, म्हणजे कॅल्शियमचे क्षार साचून ते कडक झालेलं नाही.

मग क्रॅक आणि हा पट्टा वेगळा कसा ओळखायचा? क्रॅक बहुधा वेडावाकडा जातो, दातापुरता थांबत नाही, बाजूच्या ऊतकातही घुसतो, आणि आत रिकामी काच दिसते. पट्टा रिकामा नसतो, फोकस हळूहळू वरखाली केला तर त्यात तंतू दिसतात, वरच्या-खालच्या डेंटिनला जोडणारे. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे शेजारचा दात. त्यालाही त्याच उंचीला पट्टा असेल तर प्रश्नच मिटला. एवढं मला त्या दिवशी सुचलं असतं तर!

हे दोन तुकड्यांचे दात फक्त बेडकात नाहीत, सॅलमँडर आणि ते बिनपायाचे, गांडुळासारखे दिसणारे सिसिलियन, त्यांच्यातही आहेत. पार्सन्स आणि विल्यम्स या दोघांनी १९६३ मध्ये याच दातांवर बोट ठेवून म्हटलं की आजचे हे तिन्ही उभयचर गट एकाच कुळातले असावेत. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या पर्मियन, म्हणजे डायनासोरांच्याही आधीच्या काळच्या खडकातला डोलेसर्पेटॉन नावाचा छोटा प्राणी जॉन बोल्ट यांनी वर्णन केला, त्याचेही दात असेच, देठावर बसवलेले आणि दोन शेंड्यांचे. एका फिकट पट्ट्यावरून नातीगोती लावलीत लोकांनी. सगळ्याच बेडकांत तो असतो असं मात्र नाही बरं का, दक्षिण अमेरिकेतला सेराटोफ्रिस, तो मोठ्या तोंडाचा बेडूक, त्याचे दात अखंड आणि एकाच शेंड्याचे असतात.

उपयोग काय या फटीचा? दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे म्हणतात, बेडकाचे तर दाखवायचेही नाहीत आणि चावायचेही नाहीत, फक्त धरून ठेवायचे. जीभ किडा आत आणते, दात तो निसटू देत नाहीत, मग गिळताना डोळ्यांचे गोळे आत दाबले जातात आणि घास मागे ढकलतात, बेडूक गिळताना डोळे मिटतो ते त्यामुळे. अशा वेळी टोक आतल्या बाजूला थोडं लवलं तर घास आत जाताना अडत नाही, असं त्या सांध्याबद्दल समजलं जातं.

फॉर्टी-एक्सवर थर, बाहेरून आत

आता एकच दात निवडा, सगळ्यात सरळ कापला गेलेला, आणि फॉर्टी-एक्स.

सगळ्यात बाहेर क्राउनवर इनॅमल असायला हवं. तुम्हाला दिसतं काय? काहीच नाही, एक पातळ पांढरी रिकामी जागा. घाबरू नका, स्लाईड खराब नाहीये. जबडा कापायच्या आधी तो आम्लात ठेवून त्यातला चुना काढतात, नाहीतर मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राचं, पातं हाडावर चालत नाही. इनॅमल जवळजवळ सगळंच खनिज असतं, म्हणून आम्लात ते विरघळून जातं आणि त्याच्या आकाराची मोकळी जागा तेवढी उरते. डेंटिनमध्ये कोलॅजन भरपूर, म्हणून चुना गेला तरी त्याचा सांगाडा राहतो आणि गुलाबी रंग धरतो. वहीत तिथे "इनॅमलची जागा" लिहा आणि का रिकामी ते एका ओळीत लिहा, ही एक ओळ लिहिणारे फार कमी सापडतात. इनॅमल प्रत्यक्ष बघायचं असेल तर घासून पातळ केलेल्या दाताची ग्राउंड सेक्शन लागते, पण त्यात पल्प आणि पेशी हाती लागत नाहीत. दोन्ही एका स्लाईडवर मागू नका.

हे इनॅमल खरं इनॅमल आहे, फक्त फार पातळ, आणि आपल्या इनॅमलमध्ये ज्या कांड्यांसारख्या प्रिझम असतात त्या इथे नसतात. ते फक्त क्राउनवर, देठावर नाही.

त्याच्या आत डेंटिन. त्यात अतिशय बारीक समांतर रेघोट्या दिसतात, त्या डेंटिनच्या नलिका. त्या कुठून आल्या ते बघायला आणखी आत सरका. डेंटिनच्या आतल्या कडेला एक फिकट पातळ थर, प्रीडेंटिन, म्हणजे ताजं घातलेलं, अजून चुना न बसलेलं डेंटिन. त्याला खेटून उभ्या पेशींची रांग, जांभळी केंद्रकं ओळीत लावल्यासारखी, त्या ओडोंटोब्लास्ट. एकेका पेशीची एक शेपटी नलिकेत गेलेली असते. पेशी मागे मागे सरकत भिंत बांधतात आणि शेपटी भिंतीत सोडतात, गवंडी ओळंबा सोडून मागे हटतो तसं म्हणा हवं तर.

मधली पोकळी पल्पची. सैल ऊतक, रक्तवाहिन्या, तांबड्या पेशी. इथे एक गंमत आहे, आपल्या तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसतं, बेडकाच्या लांबट पेशीत जांभळा ठिपका स्पष्ट दिसतो, त्यावरून रक्तवाहिनी चटकन सापडते. ही पोकळी खाली देठातही उतरते, म्हणून तर कवटीवर ते देठ नळीसारखे दिसत होते.

नवा दात कुठे लपलाय

इथे वेळ घालवा, इथेच खरी मजा आहे. आपल्याला आयुष्यात दोनदा दात येतात, बेडकाला आयुष्यभर येत राहतात. चालू दाताच्या आतल्या बाजूला, बुंध्याजवळ, हिरडीच्या आवरणापासून पेशींची एक पट्टी आत उतरलेली दिसेल, ती डेंटल लॅमिना. तिच्या टोकाला नवा अंकुर. अगदी कोवळा असेल तर नुसता जांभळा गोळा, थोडा वाढलेला असेल तर उकडीच्या मोदकाची पारी उपडी धरल्यासारखा, आणि पारीच्या आत सारणाच्या जागी डेंटल पॅपिला. पारी आवरणाची, तिच्या आतल्या थरातल्या पेशी इनॅमल तयार करतात, त्या अमेलोब्लास्ट. सारणाच्या कडेच्या पेशी ओडोंटोब्लास्ट होतात आणि डेंटिन घालतात. डेंटिनची सुरुवात आधी, इनॅमल त्याच्यावर मागून.

थोड्या पुढच्या अवस्थेत नुसतं क्राउनच तयार असतं, देठाचा पत्ता नसतो. ते क्राउन जुन्या दाताच्या आतल्या भिंतीकडे सरकतं, आणि तिथे अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी जुनी भिंत कुरतडत असतात. भिंतीची कड उंदराने खाल्ल्यासारखी खाचाखाचांची दिसली की समजा त्याच पेशींचं काम. मग नवं क्राउन त्या भगदाडातून जुन्या पल्पमध्ये शिरतं, जुना दात गळतो, आणि नव्याचा देठ नंतर तयार होऊन हाडाला जुळतो. म्हणजे कळस आधी, पाया मागून!

सगळे दात एकदम बदलत नाहीत, एक आड एक बदलतात, म्हणून कवटीवर दात, मोकळी जागा, दात, मोकळी जागा असं दिसतं. त्या जागा "पडलेले दात" म्हणून लिहू नका, बदलीच्या वाटेवरच्या आहेत.

स्लाईड तिरकी असेल तर

छेद टोकाजवळून गेला तर दाताची फक्त कडी दिसते, डेंटिनचं वर्तुळ, आत पल्पचा ठिपका, फट नाहीच. ऊतकात एकटीच तरंगणारी कडी म्हणजे बहुधा नवा दात, खाली-वर कुठे जोडलेला दिसत नाही म्हणून घाबरू नका. एकाच कडीवरून डायग्राम काढू नका, स्लाईडवर सलग चार-पाच छेद असतात, सगळे बघा आणि प्रत्येकातून जे चांगलं दिसतं ते घ्या. आयपीसला मोबाईल टेकवून फोटो काढताना आधी मोबाईलची लेन्स पुसा, आमच्याकडे अर्ध्या फोटोंत वडापावचं तेल असतं.

वहीत काढताना मी मुलांना फट आधी काढायला लावते, दोन आडव्या रेघा, मग वर क्राउन, खाली देठ, मग हाड. असं केलं की प्रमाण चुकत नाही.

टॅडपोल आणि भेक, दोन हमखास प्रश्न

टॅडपोलला दात असतात का? तोंडाभोवती काळ्या बारीक दातेरी ओळी असतात खऱ्या, पण त्या केराटिनच्या, आपल्या नखासारख्या. चोचही केराटिनची. डेंटिन-इनॅमलशी संबंध नाही. त्या शेवाळ खरवडायला असतात, रूपांतराच्या वेळी गळून पडतात आणि खरे दात त्यानंतर येतात.

आणि भेक, म्हणजे पावसात रस्त्याच्या दिव्याखाली किडे खात बसलेला तो खडबडीत कातडीचा, डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, त्याला एकही दात नाही. आपल्याकडच्या त्या चिमुकल्या मायक्रोहायला बेडकालाही वरच्या जबड्याला दात नाहीत. दात गमावणं बेडकांच्या कुळात नवीन नाही, २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात ते २० पेक्षा जास्त वेळा, वेगवेगळ्या फांद्यांवर, स्वतंत्रपणे झाल्याचं दिसलं.

म्युझियममध्ये दोन्हींच्या कवट्या असतील तर शेजारी ठेवा आणि वरच्या जबड्याच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने नख फिरवा. बेडकाच्या कडेला नख खरखरतं, जुन्या सँडपेपरसारखं. भेकाच्या कडेवरून ते सरळ घसरत जातं.